चाळीस वर्षांची फर्म, सात वर्षांचा अनुभव

आमचा धंदा लाईन ओढण्याचा. खांब उभे करायचे, तारा ओढायच्या, ट्रान्सफॉर्मर बसवायचा, अर्थिंग करायचं आणि वीज कंपनीच्या ताब्यात द्यायचं. ट्रान्सफॉर्मरला गावाकडे सरसकट डीपी म्हणतात, त्यामुळे तासगाव भागात आमची ओळख ‘डीपीवाले’ अशीच आहे. फर्म अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, एकट्याच्या नावावर होती. म्हणजे कायद्याच्या हिशेबात फर्म अशी काही नव्हतीच. अण्णा होते, त्यांचा पॅन होता आणि गोडाऊनवर एक पाटी होती. अण्णांनी सत्तरी ओलांडल्यावर ती भागीदारीत बदलून घ्यायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. घरात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा माझा, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र माझ्या नावावर, आणि धाकट्या भावाला साईटवरून उचलून ऑफिसच्या खुर्चीत बसवणं कोणाच्या बापाला जमलेलं नाही. अण्णांनाही नाही.

विषय काढला तो बँकेनं. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाला गेलो तेव्हा मॅनेजरनी सरळच विचारलं, “काका, तुमच्यानंतर काय?” अण्णांना ते लागलं, पण प्रश्न रास्त होता. एकट्याच्या नावावरचा धंदा त्या माणसाबरोबरच थांबतो. जीएसटी नंबर त्याच्या पॅनवर, ठेकेदारीचा परवाना त्याच्या नावावर, चालू कामांचे कार्यादेश त्याच्या नावावर. घरातल्यांना फक्त खोरी, दोर आणि उधारी मिळते.

सीएंचं मत प्रायव्हेट लिमिटेड करा असं होतं. अण्णा म्हणाले, “कंपनी केली की माझा धंदा मलाच पगार देणार व्हय?” मग भागीदारीवर गाडी आली: अण्णा, मी आणि भाऊ. तिघं असण्याला कारण आहे. 1932च्या भागीदारी कायद्यात एक भागीदार गेला की, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, भागीदारीच मोडते. आणि दोघंच असतील तर लिहूनही उपयोग नाही, कारण उरलेला एकटा भागीदारी कोणाशी करणार? तिसरं नाव हवंच होतं. फर्म निबंधकाकडे नोंदवायचीही होती. नोंदणी सक्तीची नाही, म्हणून पुष्कळजण टाळतात. पण नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या पैशासाठी तिसऱ्यावर दावा लावता येत नाही. आमच्या धंद्यात निम्मा जीव येणी वसूल करण्यात जातो, तिथे हे टाळून चालणार नव्हतं.

करारपत्राचा मसुदा वकिलांकडून आला आणि घरात काकांचा विषय निघाला. काका आणि अण्णा मिळून काम करायचे. नव्वदच्या दशकात वेगळे झाले, तेव्हा ट्रॅक्टर आणि तारा ओढायचं सामान काकांकडे गेलं आणि परवाना अण्णांकडे राहिला. त्या वेळी सगळ्यांना वाटलं होतं की काकांनी चांगला वाटा मारला. ट्रॅक्टर झिजला आणि परवान्याची किंमत वाढत गेली, हे नंतरचं. आता करारात ‘पूर्वीपासून चालत आलेला धंदा’ असं लिहिणार म्हटल्यावर काकांनी निरोप धाडला, की पूर्वीपासून म्हणजे कधीपासून ते नीट लिहा. ते भांडायला आले नव्हते. त्यांना फक्त तात्यांचं नाव कुठेतरी यायला हवं होतं. करारात आजोबांचं नाव घालायला जागा नसते, हे वकिलांनी समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि चहा न घेता गेले.

तात्यांचा, म्हणजे आजोबांचा, एकही कागद नाही. 1972च्या दुष्काळानंतर आमच्याकडे विहिरी खोल गेल्या, मोटा सुटल्या, जो तो पंपाच्या कनेक्शनसाठी बोर्डाच्या दारात उभा राहायला लागला. बोर्ड म्हणजे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, 20 जून 1960ला स्थापन झालेलं. 6 जून 2005ला त्याच्या महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या, तरी आमच्या गोडाऊनमध्ये अजून ‘बोर्डात जाऊन येतो’ असंच म्हणतात. तात्या त्या काळात दुसऱ्या ठेकेदाराच्या गँगचे मुकादम होते. क्रेन नव्हती. खड्ड्याला एका बाजूनं उतरता चर मारायचा, खांबाचा बुंधा त्यात सोडायचा, दोन लाकडी वासे वरच्या टोकाला बांधून त्यांची कैची खांबाखाली द्यायची आणि तीन बाजूंनी दोर धरून दहा-बारा माणसांनी तो उभा करायचा. खांबाच्या लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत, हा हिशेब आजही तोच आहे: 9 मीटरच्या खांबाला दीड मीटर खड्डा. आमचे मुकादम मामा तात्यांच्या हाताखाली पोरसवदा असल्यापासूनचे. ते म्हणतात, तात्या खड्ड्यात स्वतः उतरून उभे राहायचे. छातीच्या कुठपर्यंत माती येते ते बघून खोली पास करायचे. टेपचं काम नव्हतं.

कागद सुरू होतात ते अण्णांनी स्वतःचा परवाना काढल्यापासून, ऐंशीच्या दशकात. माळ्यावर तीन पत्र्याच्या ट्रंका होत्या. नव्या फर्मचा सुरुवातीचा ताळेबंद करायचा म्हणून त्या खाली काढल्या.

ताळेबंदाचं काम एरवी रटाळच. ट्रॅक्टर, ट्रॉली, चेनपुल्या, तार पकडायचे क्लॅम्प, दोन मेगर (इन्सुलेशन तपासायची यंत्रं), अर्थ टेस्टर, डिस्चार्ज रॉड (बंद लाईन जमिनीला जोडायचा दांडा), सेफ्टी बेल्ट. यादी करायची, घसारा धरायचा, संपलं. अडलं ते उचलीच्या वहीवर. आमची गँग जत भागातली आणि कर्नाटकाच्या हद्दीतली. ऊसतोडीसारखीच इथेही हंगामाआधी उचल द्यावी लागते. लग्न, दवाखाना, घरावर पत्रे, कारण काहीही असो. मुकादमाच्या जबाबदारीवर पैसे द्यायचे आणि कामातून फेडून घ्यायचे. वहीत काही नावांपुढे बाकी होती आणि ती माणसं जगातून गेलेली होती. सीए म्हणाले, हे येणं दाखवता येणार नाही, बुडीत लिहा. अण्णांनी बुडीत हा शब्द लिहू दिला नाही. “त्यांची पोरं आपल्याकडंच हैत,” एवढंच म्हणाले. शेवटी ती रक्कम अण्णांच्या वैयक्तिक खात्यात राहिली, फर्मच्या ताळेबंदात आली नाही. सीएंना ते पटलं, कारण आकडा जुळला. मला अण्णांचं पटलं.

दुसऱ्या ट्रंकेत एक निळी फाईल होती. कामगार नुकसानभरपाई कायदा, 1923. त्यात आयुक्तांकडे रक्कम भरल्याची पावती. आमच्या गँगमधला एक पोरगा खांबावर शॉक लागून वारला होता. परमिट, म्हणजे लाईन बंद असल्याची लेखी परवानगी, एका लाईनचं घेतलेलं, डिस्चार्ज रॉडही लावलेला. त्याच ठिकाणाहून ओलांडून जाणारी दुसरी लाईन मात्र चालू होती. मी तेव्हा शाळेत होते. घरात यावर कधी बोलणं झालं नाही, पण दोन लाईनी ओलांडतात तिथे दोन्हींचं परमिट हातात आल्याशिवाय अण्णा आजही कोणाला शिडी लावू देत नाहीत. मग शाखा अभियंता चिडो, गावकरी चिडो, दिवस वाया जावो. फाईल कुठे ठेवायची असं विचारलं तर म्हणाले, “परवान्याच्या फाईलबरोबर.”

परवान्याचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सुरळीत झालं. नव्या फर्मला नवा परवाना लागतो. अण्णांचा परवाना आपोआप भागीदारीच्या नावावर होत नाही. अर्ज विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाकडे. पात्र पर्यवेक्षक कामावर आहे ना आणि तपासणीची उपकरणं आहेत ना, हे मुख्य. पर्यवेक्षक मी. तपासणीला आलेल्या साहेबांनी मेगर बघायला मागितला आणि भावाकडे हात केला. भाऊ म्हणाला, “ताईला विचारा, मी फक्त तारा ओढतो.” साहेब हसले आणि मग मला नीट खोदून प्रश्न विचारले. ते मला आवडलं.

कराची कामं एकमेकांत गुंतलेली आहेत, त्यांचा क्रम चुकला की पैसे अडकतात. भागीदारीला नवा पॅन. जीएसटी नंबरात पॅन असतो, म्हणून तोही नवा. जुन्या नंबरवर शिल्लक असलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट) आधी आयटीसी-02 हा फॉर्म भरून नव्याकडे वळवायचं आणि मगच जुना नंबर रद्द करायचा विचार करायचा. घाईनं उलट केलं तर क्रेडिटला मुकलात. पीएफ, ईएसआयसी, उद्यम नोंदणी, ई-निविदेची डिजिटल सही, सगळं परत. बिलातून टीडीएस एकट्या माणसाचा 1 टक्का कापतात, फर्मचा 2. अण्णांना बाकी सगळं समजलं, हे नाही. “काम तेच, माणसं तीच, मग जास्त का?” याचं माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

खरं प्रकरण सुरू झालं ते अनुभवाच्या दाखल्यावर.

निविदेत पात्रतेची अट साधारण अशी असते: मागच्या 7 वर्षांत तशाच स्वरूपाचं, अंदाजित रकमेच्या 80 टक्क्यांचं एक काम, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 40 टक्क्यांची तीन कामं पुरी केलेली असावीत. वर तीन वर्षांची उलाढाल. नव्या भागीदारीला स्वतःचा अनुभव शून्य. करारात ‘मत्ता, देणी, चालू कामं आणि कामाचा अनुभव यांसह धंदा ताब्यात घेतला’ असं कलम वकिलांनी घातलं होतं, त्याच्या जोरावर अण्णांचा अनुभव पुढे धरून घ्यायचा होता. तर अण्णांचा अनुभव किती, हे सिद्ध करायला मी बसले. चाळीस वर्षं काम केलेला माणूस. सात वर्षांच्या चौकटीत बसवला तर हाताला लागले मोजके कागद.

याला कारण अण्णांचा आळस नाही. धंद्याची घडी बदलली आहे, आणि ट्रंका चाळताना ती वर्षावर्षानं दिसत गेली. आधीच्या काळात सामान बोर्डाच्या स्टोअरमधून मिळायचं: खांब, तार, इन्सुलेटर सगळं. ठेकेदारानं फक्त मजुरी करायची. त्यामुळे बिलं लहान. कित्येक किलोमीटर 11 केव्हीची लाईन ओढलेली, आणि कागदावरचा आकडा एका स्कूटरच्या किमतीचा. पण नाव आमचं, सही आमची, मोजमाप पुस्तिकेत नोंद आमची. 2005नंतर राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली, पुढे दीनदयाळ योजना, सौभाग्य. पैसा आला, पण कामं जिल्हा-जिल्ह्याच्या मोठ्या पॅकेजमध्ये निघायला लागली, सामानासकट. तेवढी उलाढाल आणि बँकेची पत आमच्यासारख्यांकडे कुठली? पॅकेज परराज्यातल्या मोठ्या कंपन्यांनी घेतली आणि प्रत्यक्ष लाईन ओढायला त्यांनी आम्हालाच बोलावलं. आम्ही झालो पेटी ठेकेदार. खड्डा आमचा, गँग आमची, शेतकऱ्याच्या शिव्या आमच्या. दाखला मात्र मुख्य ठेकेदाराच्या नावावर. बहुतेक करारांत वीज कंपनीच्या परवानगीशिवाय पोटठेका देता येत नाही, म्हणून आम्ही तिथे होतो हे लेखी द्यायला मुख्य ठेकेदार तयार नसतो. कागदावर आम्ही त्याच्याकडचे मजूर.

अशीच एक कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली. आमचं शेवटचं बिल तिच्याकडे होतं. 2016च्या कायद्याप्रमाणे दावा लावला, आमचा वर्ग ‘परिचालन धनको’. बँका आधी, आम्ही मागे. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही हाती आलेलं नाही.

मग मी उलट बाजूनं गेले. ज्या कामांत अण्णा स्वतः ठेकेदार होते ती शोधली. त्यातला मोठा हिस्सा खासगी निघाला. द्राक्षाची शीतगृहं, बेदाण्याचे शेड, एक-दोन दवाखाने, शेतकऱ्यांनी स्वखर्चानं घेतलेले ट्रान्सफॉर्मर. यात ग्राहक आमच्यासारख्या परवानाधारकाकडून काम करून घेतो आणि वीज कंपनीला 1.3 टक्के देखरेख शुल्क भरतो; काम झाल्यावर ते कंपनीकडे सुपूर्द होतं. म्हणजे नोंद सरकारी दप्तरात असते. ती मिळवायला काही ठिकाणी साधा अर्ज पुरला. एका कार्यालयात उत्तर मिळालं की दप्तर 2019च्या महापुरात भिजलं. ते खोटं म्हणता येणार नाही. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45 फूट असताना. पाणी उतरल्यावर वाकलेले खांब सरळ करायला आणि गाळ भरलेल्या डीपी उतरवायला आमचीच गँग होती. त्या कामाची मात्र बिलं झाली होती आणि तेच दाखले आता सगळ्यात कामाला आले.

जिथे टोलवाटोलवी झाली तिथे माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागितल्या. 30 दिवसांची मुदत असते म्हटल्यावर हालचाल होते. या प्रती माझ्या दृष्टीनं सगळ्या उद्योगातली सर्वांत वाचनीय चीज. मोजमाप पुस्तिका म्हणजे काय, तर गाळ्यागणिक हिशेब: अमुक खांब ते तमुक खांब इतके मीटर, खांब कोणता, तार कोणती, ताण (खांबाला आधार देणाऱ्या तिरक्या तारा) किती. तारांची नावं प्राण्यांची असतात, स्क्विरल, विझल, रॅबिट, डॉग. जसा प्राणी मोठा तशी तार जाड. एका गावच्या लाईनीत मला ताण फार दिसले. सरळ लाईनीला एवढे ताण लागत नाहीत; लाईन जिथे वळते तिथे खांब ओढला जाऊ नये म्हणून मागून ताण द्यावा लागतो. म्हणजे ही लाईन वळत वळत गेलेली. अण्णांना कागद दाखवला. चष्मा न लावता त्यांनी ओळखलं.

“हा पहिला वळसा. बाग नवीन लावली होती, मंडपात खांब घेऊ देईना. बांधावर घेतला. पुढं दोघा भावांचा बांधाचा वाद, खांब कोणाच्या हद्दीत यावर अडले. ओढ्याच्या कडंनं काढली. आणि हा इथला,” त्यांनी बोट ठेवलं, “ही बाई एकटी होती. म्हटली, खांब घ्या, पण माझ्या झाडाला हात लावू नका. आंबा होता.”

“झाड तोडायचा अधिकार होता की आपल्याला?”

“होता. साहेब पण म्हणत होते, पोलीस आणू. पण लाईन आपण ओढून जाणार, पावसाळ्यात फ्यूज टाकायला त्याच बांधावरून जायचं असतं वायरमनला.”

मामा शेजारी तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, “आंबा हाय अजून. खातो की आम्ही.”

मी सगळे वळसे मोजमापाच्या कागदावर पेन्सिलीनं लिहून ठेवले. निविदेला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि ती प्रत निविदेला जोडलीही नाही. ते काम सात वर्षांच्या कितीतरी मागचं.

हे सगळं जमवून झाल्यावर चित्र असं झालं: मोठ्या पॅकेजच्या जवळपासही आम्ही जाऊ शकत नव्हतो. पण उपविभाग पातळीवरच्या दुरुस्तीच्या, लाईन हलवण्याच्या, नवीन डीपीच्या लहान निविदांना खासगी आणि पूर मिळून अनुभव पुरत होता. करारातलं कलम ग्राह्य धरायचं की नाही यावर एका कार्यालयात बरंच घोडं अडलं. त्यांचं म्हणणं, अनुभव माणसाचा असतो, तो विकत किंवा वारशानं देता येत नाही. माझं म्हणणं, तो माणूसच भागीदार म्हणून समोर बसलाय. अण्णा खरोखरच समोर बसले होते. शेवटी जुन्या परवान्याची प्रत, सीएंचं धंदा हस्तांतराचं प्रमाणपत्र, आयटीसी-02ची पोच आणि नोंदणीकृत करार असं एकत्र लावून प्रस्ताव वर गेला आणि मान्य झाला. हाच संच आता तयार ठेवला आहे. तालुक्यातल्या आणखी दोन ठेकेदारांनी नेऊन वापरला, आणि त्यातला एक काकांचा मुलगा. काकांना परवाना मिळाला नव्हता, पण त्याच्याकडे आहे. त्याचा अनुभव आमच्यापेक्षा कमी आणि ट्रॅक्टर आमच्यापेक्षा नवीन. एखादी निविदा मिळून भरायची बोलणी चालू आहेत. या वेळी काकांनी चहा घेतला.

पहिला कार्यादेश नव्या नावानं आला तो गावठाणातली जुनी लाईन बदलण्याचा. बाकी जुन्या नावाचं मिटायला अवकाश आहे. आधीच्या कामांची सुरक्षा ठेव दोषदायित्वाचा काळ (काम दिल्यावर त्यातला दोष आपण निस्तरायची मुदत) संपेपर्यंत अण्णांच्या नावावर अडकलेली आहे, बँक हमी त्याच नावावर आहे, म्हणून ते चालू खातं बंद करता येत नाही. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागते आणि दर महिन्याला बँक काहीतरी कापून घेते. अण्णा पासबुक भरून आणतात आणि माझ्या टेबलावर आपटतात.